तिसऱ्या तळ्याची बादली

रोज सकाळी चहाच्या आधी सासरे आकाशाकडे बघायचे. घराच्या पायरीवर उभं राहायचं, डाव्या हाताने डोळ्यांवर सावली धरायची आणि उगवतीकडून सुरुवात करून चारही तळ्यांवरून नजर सावकाश फिरवत न्यायची. नव्या माणसाला वाटे, हे हवा बघताहेत. सुनेलाही लग्नानंतर बरेच दिवस तसंच वाटत होतं. एकदा कप पुढे करत तिने विचारलंही, "बाबा, पाऊस येईल का आज?"

सासऱ्यांनी कप घेतला नाही. "पाऊस कोण बघतंय? मी पक्षी बघतोय."

मग चहा निवेपर्यंत त्यांनी तिला समजावलं. कोळंबी धडधाकट असली की तळाशी राहते. काठावरच्या माणसाला काय, बगळ्यालाही दिसत नाही. आजारी पडली की खाणं सोडते, काठाला येते, पाण्याच्या वरच्या अंगाला भोवंडल्यासारखी फिरत राहते. माणसाला ते कळायला उशीर लागतो, बगळ्याला लागत नाही. म्हणून बगळे चार दिशांना चार दिसले तर बरं, आणि एका कोपऱ्यात दाटी करून बसले तर संपलं.

"संपलं म्हणजे?"

"संपलं म्हणजे संपलं," आतून सासूबाईंचा आवाज आला. "त्यांना नको विचारूस. मला विचार."

सासूबाईंनी सांगितलं ते असं. सासरे आधी बस चालवायचे. अर्धं आयुष्य बसून काढलं, उरलेलं आता उभ्याने काढणार, असं ते म्हणत आणि त्या शब्दाला जागत. जेवतानाही त्यांचा एक पाय दाराकडे असे. बांधावरून चालताना मधूनच मान वळवून खांद्यावरून मागे बघत, आरसा अजून तिथेच असल्यासारखे. बस सोडून त्यांनी खाडीकाठची ही तळी केली, तेव्हा कोळंबीबद्दल त्यांना खाण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. सुरुवातीची पिकं बरी निघाली. मग एका सकाळी तिसऱ्या तळ्याच्या कोपऱ्यावर बगळे उतरले, इतके की बांधाची माती दिसेना. सासरे हरखून गेले. बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं. "बघ, बघ! तळं किती भरलंय ते पाखरांनाही कळलं!" दोघं पायरीवर उभी राहून कौतुकाने बघत राहिली.

आठवडा उलटायच्या आत चारही तळी गेली. काठाला लागलेल्या कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके होते, बोटाने घासून न जाणारे, आतून उमटलेले. त्या विषाणूला औषध नाही. तो आला की करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून करायचं ते सगळं तो यायच्या आधी.

"टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या आम्ही," सासूबाई हसत म्हणायच्या. सासरे मात्र ही गोष्ट निघाली की उठून जात.

त्यानंतर ते असे झाले होते. फाटकाशी सिमेंटचं उथळ टाकं आणि त्यात जंतू मारणारं पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. त्यात पाय बुडवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, मग तो खाद्याची गाडी आणणारा असो की व्याही. सून नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिलाही चपलांसकट त्यात उभं केलं होतं. त्या पाण्याच्या डागांनी तिच्या साडीचा काठ अजून विटकरी आहे. आजूबाजूचे तळीवाले त्यांना 'पायधुणे' म्हणत, अगदी तोंडावर. "पायधुण्यांकडे यम जरी आला ना, तरी आधी पाय बुडवून मगच आत," असं कुणी म्हणालं की सासरे शांतपणे म्हणत, "मग त्याने तरी का म्हणून तसंच यावं?"

तळ्यांभोवती गुडघाभर उंचीचं प्लास्टिकचं कुंपण, खेकडे आत येऊ नयेत म्हणून. वर आडव्याउभ्या दोऱ्या आणि त्यांना बांधलेल्या चकाकत्या पट्ट्या, पक्षी बिचकावेत म्हणून; पक्षी बिचकत नसत ते सोडा. खाडीचं पाणी थेट तळ्यात कधीच नाही. आधी बारीक जाळीतून गाळून साठवणीच्या तळ्यात, मग ब्लीचिंग पावडर, मग वाट बघणं. आणि प्रत्येक तळ्याची बादली वेगळी. पहिल्याची निळी, दुसऱ्याची हिरवी, तिसऱ्याची लाल, चौथ्याची पिवळी. एकाची बादली दुसऱ्याच्या पाण्याला लागता कामा नये. काम झालं की धुऊन उन्हात पालथी घालायची आणि उन्हाच्या उतरतीपर्यंत हलवायची नाही. उन्हासारखं औषध नाही, असं ते म्हणत.

सुनेने पहिल्याच आठवड्यात लाल बादलीत पालक धुतला होता. सासरे आधी पालकाकडे, मग बादलीकडे, मग मुलाकडे बघत राहिले. "तुझी बायको हुशार आहे," ते म्हणाले, "फक्त तिला रंग दिसत नाहीत."

आणखी एक नियम होता, तो ऐकून माहेरचे लोक हसायचे. कोळंबीवाल्यांच्या या घरात कोळंबी शिजत नसे. शिजायची ती फक्त काढणीच्या दिवशी, आपल्याच तळ्यातली. बाजारातली फाटकाच्या आत यायची नाही. एखाद्याच्या तळ्यात रोग शिरला की तो घाईघाईने जाळी ओढतो आणि मिळेल त्या भावाला माल बाजारात लोटतो. माणसाने ती खाल्ली तर काही होत नाही. पण तिचं धुतलेलं पाणी, सोललेलं डोकं, कवचाचा एखादा तुकडा तळ्यात पडला आणि तळ्यातल्या कोळंबीने तो कुरतडला, की झालं. घर तर चार तळ्यांच्या मधोमध, रुंद बांधावर. मोरीचं पाणीसुद्धा इथे विचार करून सोडावं लागे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर सासूबाई आजारी पडल्या.

डॉक्टर जे म्हणाले ते सुनेच्या नवऱ्याने घरी येऊन अर्धंच सांगितलं. उरलेलं सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्यावरून वाचून घेतलं. त्यांचं जेवण आधी अर्ध्यावर आलं, मग चार घासांवर. तळ्यांत नुकतीच नवी पिल्लं सोडली होती. एक दिवस सून त्यांचे केस विंचरत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कोळंबी हवी."

"आई, अजून तांदळाएवढी आहे ती."

"मला ठाऊक नाही का? ती मोठी होईपर्यंत मी थांबेन असं वाटतं तुला?"

सून केसांतला गुंता सोडवू लागली.

"नाही थांबणार," भाजी संपली म्हणावं तशा आवाजात सासूबाई म्हणाल्या. "बाजारातली आणा."

जेवताना त्यांनी तेच सगळ्यांसमोर सांगितलं. सुनेच्या नवऱ्याने लगेच तोड काढली. "शहरातून शिजवलेली आणतो, डब्यातून. शिजली की विषाणू मरतो. बाबांचीही हरकत नसेल."

"शिजवलेली नको," सासूबाई म्हणाल्या. "मला सोलायची आहे."

"सोलायची?"

"खाणं जाऊ दे रे. सोलायची आहे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. लहानपणापासून त्यांनी आईबरोबर मासळीबाजारात बसून कोळंबी सोलली होती. लग्नापर्यंत तेच केलं. "पडून पडून मऊ झालेत बघ. दुसऱ्या कुणाचे तरी हात घालून झोपल्यासारखं वाटतं मला."

सासरे ताटावरून उठले आणि बांधावर गेले. त्या दिवशी ते किती फेऱ्या मारत होते कोण जाणे; सून भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी खिडकीतून तेच दिसत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मधेच मान वळवून मागे बघणं. पुढचे काही दिवस कोळंबीचा विषय त्यांच्यासमोर कुणी काढला नाही. सुनेला वाटलं, विषय मिटला. तिला रागही आला. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस असा अडून बसतो?

मग एका सकाळी ते फावडं घेऊन फाटकाबाहेर गेले आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली खड्डा खणू लागले.

"हे काय, बाबा?"

"कवचांसाठी. वर चुना टाकून बुजवायचा." ते थांबले नाहीत. "खुर्ची इथे. चूल तिथे. पाण्याचे कॅन घरातून न्यायचे, पण परत आत आणायचे नाहीत. सुरी, तवा, ताटली, सगळं इथेच राहील. नंतर तुम्ही सगळ्यांनी फाटकाशी आंघोळ करायची आणि कपडे बदलायचे."

"आईंनीसुद्धा?"

"तिला गरम पाणी दे."

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "एवढी तयारी आमच्या लग्नातही नव्हती. लग्नात मांडव तरी एकच होता, इथे आत वेगळा आणि बाहेर वेगळा."

कोळंबी आणायला ते स्वतः गेले. त्या आठवड्यात बाजारात ती स्वस्त झाली होती, आणि त्याचा अर्थ त्यांना न सांगता कळत होता. खाडीच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी तळ्यावर बगळे बसले होते. प्रत्येक कोळंबी हातात घेऊन, उलटीपालटी करून, डोक्याचं कवच उजेडात धरून त्यांनी निवडली. मासेवाली म्हणाली, "पायधुणे, सोयरीक करताय की कोळंबी घेताय?" ते परत आले आणि पिशवी फाटकाबाहेरच्या फांदीला टांगून म्हणाले, "एकीवरही ठिपका नाही. पण ठिपका नसला म्हणून आत काही नाही, असं नव्हे."

सासूबाईंना खुर्चीत बसवलं. मांडीवर ताटली, डाव्या हाताला कोळंबी, आणि उजव्या बाजूला, खाली, डोकी टाकायची झाकणाची पाटी. ती पाटी सुनेकडे होती. "टाकण्यापुरतं उघडायचं आणि लगेच झाकायचं," सासऱ्यांनी बजावलं होतं. वर झाडावर कावळे होतेच.

सासूबाईंच्या हातांनी पहिली कोळंबी उचलली आणि सून बघतच राहिली. कालपर्यंत पेला धरताना थरथरणारे हात. अंगठ्याने डोकं मोडलं, एका ओढीत कवच उतरलं, पाठीवरची काळी शीर नखाने काढली, पुढची. त्यांचं लक्षही नव्हतं तिकडे. त्या बोलत होत्या.

"हे बस चालवायचे ना, तेव्हा मी टोपली घेऊन चढायचे. हे म्हणायचे, बाई, वास येतो, मागे बसा. मी मागे बसायचे. आणि मग सगळी वाट हे आरशातून मागे बघायचे."

"काहीतरीच," सासरे म्हणाले. "मागची गाडी बघत होतो."

"मागे गाडी नसायची हो त्या रस्त्याला!"

मुलगा मोठ्याने हसला. सूनही हसली. तिने सासऱ्यांकडे बघितलं. कान लाल झालेला म्हातारा माणूस तिने कधी बघितला नव्हता. ते सासूबाईंकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच एका जागी उभे होते.

पंखांची फडफड झाली तेव्हा पाटीचं झाकण सुनेच्या हातात होतं. कावळा एक डोकं उचलून, लांब मिशा चोचीतून लोंबत, फाटकावरून आत गेला.

सासरे धावले. तव्यावरचं झाकण आणि उलथनं हातात घेऊन, ठणाठणा वाजवत, फाटकातून, टाक्यातलं जांभळं पाणी उडवत, बांधावरून. वर कावळा आणि खाली ते. कावळा पहिल्या तळ्यावरून गेला, दुसऱ्यावरून गेला आणि तिसऱ्या तळ्यातल्या हवा घुसळणाऱ्या चाकांच्या खांबावर जाऊन बसला. सून त्यांच्या मागे धावत होती. त्यांनी झाकण भिरकावलं. कावळा उडाला.

"पडलं का?" त्यांनी विचारलं. त्यांना श्वास पुरत नव्हता. "माझी नजर पोचत नाही. उडताना चोचीत होतं की नव्हतं?"

तिला उत्तर द्यायचं होतं. डोळे मिटून तिने तो कावळा पुन्हा आठवून बघितला. पंख दिसत होते, चोच दिसत नव्हती. "मला नाही दिसलं, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि पाण्यात उतरले. खांबाभोवतीचा गाळ हातजाळीने चाळून काढला. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. किंवा वाईट.

ते फाटकापाशी परत आले तेव्हा सासूबाईंनी कोळंबी तळून ताटलीत काढली होती आणि दोन खाल्ल्या होत्या. "मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या आणि एक कोळंबी बोटात धरून पुढे केली. "घ्या."

सासरे फाटकाच्या आतच थांबले. गुडघ्यांवरून तिसऱ्या तळ्याचं पाणी निथळत होतं. "तू खा," ते म्हणाले. सासूबाईंचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी ती कोळंबी स्वतःच्या तोंडात घातली.

त्याच दिवशी सासऱ्यांनी तिसरं तळं तोडलं. म्हणजे पाणी नाही तोडलं, माणसं तोडली. तिसऱ्याकडे फक्त ते जाणार. त्याचं खाद्य, त्याची चाकं, त्याची लाल बादली, सगळं त्यांच्याकडे, आणि तिकडून ते कुठेच येणार नाहीत, आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय. खाद्याच्या पोत्यांच्या शेडमध्ये त्यांनी खाट टाकली. रोग आत आला असेल तर तो तिथेच अडायला हवा होता. उरलेली तीन तळी वाचायला हवी होती.

"बाबा, एक डोकं," तिचा नवरा म्हणाला. "त्यात काही असेलच असं नाही. पडलंच असेल असं नाही. कावळ्याने गिळलं असेल."

"असेल," सासरे म्हणाले आणि गेले.

सुनेला ते एक शब्द बोलले नाहीत. पालकाच्या वेळी बोलले होते, या वेळी नाही. ती डबा घेऊन जाई, तो शेडच्या दगडावर ठेवी. ते लांबून म्हणत, "ठेव. जा." तिला वाटे, आज बोलतील. आज तरी म्हणतील, झाकण कुठे होतं गं? ते म्हणत नसत, आणि त्यामुळे तिला दिवसभर कुठेच बसवत नसे. भाजी चिरता चिरता ती पायरीवर येई. कपडे वाळत घालताना चिमटे तोंडात धरून आकाशाकडे बघे. बगळा दिसला की तो कुठल्या तळ्यावर उतरतो ते बघत राही, दिसला नाही की शोधत राही. नवरा म्हणाला, "आता तूही मान वळवून मागे बघायला लागलीस." ती त्याच्यावर ओरडली, आणि मग लक्षात आलं की खरंच.

सासूबाईंची खाट खिडकीशी होती आणि खिडकीतून तिसऱ्या तळ्याचा बांध दिसे. दुपारी सासरे तिथे येऊन उभे राहत, खिडकीपासून थोडे लांब.

"जवळ या की."

"कपडे तिसऱ्याचे आहेत."

"मग काढा."

सून आत ताट घेऊन उभी होती. तिला हसावं की बाहेर जावं कळेना.

"तुला लाज नाही," सासरे म्हणाले.

"ती आता कशाला ठेवू?" सासूबाई म्हणाल्या. "बरं, आंघोळ करून या. बसा माझ्याजवळ."

"येतो. खाद्य टाकून येतो."

ते यायचे. आंघोळ करून, दुसरा शर्ट घालून, केस ओले. पण आल्या आल्या त्यांचं लक्ष खिडकीबाहेर जाई, चाकांचा आवाज बदलल्यासारखा वाटे आणि ते उठत. पुन्हा तिसऱ्याकडे, पुन्हा आंघोळ. "जन्मभर आंघोळीचा कंटाळा करणारा माणूस," सासूबाई म्हणाल्या, "आता मासाच झालाय." त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता. कोळंबी तिकडे मोठी होत होती, निदान तसं वाटत होतं, आणि इकडे खाटेवरची चादर रोज थोडी सपाट होत होती.

मग ती सकाळ आली. सून पायरीवर आली आणि तिसऱ्या तळ्याच्या टोकाला सगळं पांढरं दिसलं.

ती पळाली. आणि पळतानाही तिचे पाय तिसऱ्याच्या तोंडाशी जांभळं पाणी भरून ठेवलेल्या घमेल्यात आपोआप बुडले, एक, दुसरा, आणि मग पुढे. सासरे आधीच टोकाला पोचले होते आणि गुडघ्यांवर बसले होते. तिला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"बाबा!"

त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मग बोटाने दाखवलं. बगळे कुंपणाच्या पलीकडे होते, बाहेरच्या चरात. ओहोटीचं पाणी उतरताना बारीक मासे चरात अडकले होते आणि बगळे ते खात होते. अलीकडचं पाणी स्वच्छ होतं. काठाला एकही कोळंबी नव्हती.

सासरे बांधावर बसले. बसलेच. तीही त्यांच्या शेजारी बसली. बराच वेळ दोघं बगळ्यांचं जेवण बघत राहिली.

तरी त्यांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तिथल्या बाईंचा फोन आला. "आजचा नमुना स्वच्छ आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही."

"बाई सरळ आहे," सासरे फोन ठेवत म्हणाले. पण त्या दिवशी ते लगेच पुन्हा बांधावर गेले नाहीत. खिडकीपाशी गेले. सासूबाई झोपल्या होत्या. ते बाहेरून बघत राहिले, आणि सुनेला ते मोरीतून दिसत होते. त्यांनी एकदाही मान वळवून मागे बघितलं नाही.

मग ते तिच्याकडे आले. धुतलेली लाल बादली त्यांच्या हातात होती.

"सूनबाई, आजपासून पक्षी तू बघ."

"मी?"

"मग काय पाखरांना सांगू, थोडे दिवस येऊ नका म्हणून?"

तिला वाटलं, आता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही. "बाबा, झाकण माझ्या हातात होतं."

"होतं ना. मी बघितलं." त्यांनी बादली जमिनीवर ठेवली. "कावळा माझ्या डोक्यावरून गेला, माझ्या. मी कुठे बघत होतो?" त्यांनी सासूबाईंच्या खिडकीकडे बघितलं. "तिसरं काही तुझ्या एकटीमुळे जाणार नाही. गेलं तर आपल्या दोघांमुळे जाईल. रंग दिसतात ना आता?"

"दिसतात."

"मग झालं."

त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सासूबाईंच्या खाटेशी खुर्ची ओढली. त्यांना बसता येत नव्हतं. गुडघा हलत होता, नजर खिडकीकडे जात होती. सासूबाईंनी त्या गुडघ्यावर हात ठेवला. "ब्रेक लावा," त्या म्हणाल्या. गुडघा थांबला. त्यानंतर ते त्या खुर्चीतून फारसे उठले नाहीत.

आता फेऱ्या सुनेच्या वाट्याला आल्या. खाद्याची चाळणी पाण्यातून वर काढायची, खाद्य किती उरलंय ते बघायचं, एक कोळंबी हातात घेऊन कवच उजेडात धरायचं. रोज कवच काचेसारखं स्वच्छ असे, आणि रोज तिला वाटे, आजचं झालं, उद्याचं काय? हे असं वर्षानुवर्षं हा माणूस एकटा वागवत होता, हे तिला तेव्हा कळलं. आणि लोक हसत होते, तीही हसली होती.

सासूबाई गेल्या तेव्हा तिसऱ्यातली कोळंबी करंगळीएवढी झाली होती. दुपारची वेळ होती. सासरे खुर्चीत होते. त्यांनी बाहेर येऊन मुलाला सांगितलं आणि पुन्हा आत जाऊन बसले.

तिसरं तळं वाचलं. कावळ्याने ते डोकं गिळलं होतं, की पाण्यात पडूनही त्यात काही नव्हतं, हे कुणालाही कधी कळणार नाही. काढणीच्या दिवशी जाळी ओढली तेव्हा चारही तळ्यांत तिसऱ्याचा माल सर्वांत उजवा निघाला. नियमाप्रमाणे त्या दिवशी घरात कोळंबी आली. सासरे स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि सोलू लागले. अर्धं मांस कवचाबरोबर जात होतं.

"बाबा, द्या मी करते."

"राहू दे."

सगळी सोलून होईपर्यंत ते उठले नाहीत. ताटलीतल्या त्या फाटक्यातुटक्या कोळंबीवर सुनेने मीठ जरा जास्तच टाकलं. त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, आणि मग कवचं घेऊन चुना टाकायला बाहेर गेले.

त्यानंतर ते पुन्हा पायरीवर उभे राहू लागले, चहाच्या आधी, डोळ्यांवर हात धरून. आता त्यांच्या शेजारी सूनही उभी असे. त्यांना लांबचं दिसत नसे, ती सांगे. "चौथ्यावर दोन. साठवणीवर एक. तिसऱ्यावर कुणी नाही." ते मान हलवत. कधी म्हणत, "आणि कावळा?" ती म्हणे, "तो आपल्याच डोक्यावर आहे," आणि ते खरंच वर बघत.

पुढच्या वर्षी त्यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस दाखल करा, तपासण्या करू. काळजीचं काही नाही. तिथून ते परत आले नाहीत, पण त्या सकाळी हे कुणाला माहीत असणार? तिचा नवरा गाडी फाटकाशी घेऊन आला. सासरे बाहेर जातानाही जांभळ्या पाण्यात पाय बुडवून गेले. "अहो बाबा, बाहेर जाताना कशाला?" ती म्हणाली. "दवाखान्यात आजारी माणसं असतात," ते म्हणाले आणि गाडीत चढले, पुढच्या सीटवर. बसल्या बसल्या त्यांनी गाडीचा आरसा आपल्याकडे वळवून घेतला. मुलगा कुरकुरला, त्याने तो पुन्हा सरळ केला.

गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं.

"सूनबाई! तिसऱ्याची बादली उन्हात आहे. उतरतीपर्यंत हलवू नकोस."